बिल्ड टूलच्या आत स्क्रिप्टिंग भाषा बसवायचीये, ल्युआ की स्टारलार्क?

गोगलगाय:
मंडळी, ऑफिसात आम्ही गो भाषेत एक छोटं बिल्ड टूल (कोड कंपाइल करून प्रोग्रॅम बनवणारं) लिहिलंय, त्याचं कॉन्फिग यामल या साध्या मजकूर-फॉरमॅटमध्ये. आधी बरं चाललेलं, पण लिनक्स असेल तर कंपायलरला हे फ्लॅग (पर्याय) आणि डीबग असेल तर ते असं करता करता यामलमध्येच इफ आणि फॉर घुसले, आता स्ट्रिंगमध्ये टेम्प्लेट आणि टेम्प्लेटमध्ये परत स्ट्रिंग, नवीन पोरं बघून लांबूनच हात जोडतात. म्हणून सरळ एखादी भाषा आत बसवावी म्हणतोय. ल्युआ, स्टारलार्क की पायथनच? टीमला पायथन येतं. कोणी केलंय का असं?

सीवाले_काका:
ल्युआ, डोळे झाकून. 1993 पासून आहे, ब्राझीलमधली, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवण्यासाठी हिच्याइतकी सुटसुटीत भाषा मला तरी दिसली नाही. प्रीमेक, एक्समेक ही दोन्ही बिल्ड टूलं ल्युआवरच, टप या टूलची फाइल पण ल्युआत लिहिता येते. तुमच्या गो साठी गोफर-ल्युआ ही लायब्ररी आहे, सीगोची (गो ला सी कोड जोडण्याची) कटकट नाही. फक्त मोजणी 1 पासून असते, सवय करून घ्या.

मेकफाइल_मावशी:
काका, ल्युआ छानच आहे पण बिल्डमध्ये एका ठिकाणी चावते. पेअर्स फंक्शनने टेबल (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या) फिरवलं की क्रमाची खात्री भाषा देत नाही, मूळ सी वाल्या ल्युआत तर दर रनला क्रम बदलू शकतो. त्या टेबलातून कंपायलरचे फ्लॅग जोडले की कमांड वेगळी दिसते आणि टूल बसतं सगळं परत कंपाइल करत. मग कीज सॉर्ट करा, हे प्रत्येक नवीन माणसाला सांगत बसा. आणि ओएस, आयओ (कमांड चालवणाऱ्या, फाइली उघडणाऱ्या) लायब्ररी उघड्या ठेवल्या तर कोणीतरी बिल्ड फाइलमधून कर्ल मारून नेटवरून काहीतरी ओढणारच, लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा भाग, आपल्या बायनरीतच हवा. अँट या जावाच्या बिल्ड टूलमध्ये लोक स्क्रिप्ट टास्कात जावास्क्रिप्ट लिहायचे कारण इंजिन जेडीकेबरोबर (जावाच्या किटबरोबर) आयतं यायचं, 2020 मध्ये जेडीके 15 मधून ते नॅशहॉर्न इंजिन काढलं आणि तसल्या बिल्ड झोपल्या. मशीनवरच्या पायथनवर विसंबलात तर तेच होणार. मेक या जुन्या बिल्ड टूलचं पण बघा, 4.0 मध्ये, म्हणजे 2013 ला, गाइल ही भाषा आत घेतली पण ती ऐच्छिक, डेबियनमध्ये तर त्याचं वेगळं पॅकेज आहे. समोरच्याकडे असेलच याची खात्री नाही मग मेकफाइलमध्ये वापरणार कोण?

बेझल_बंडू:
पायथन येतं म्हणताय तर स्टारलार्क घ्या. बेझल या बिल्ड टूलसाठी बनली, 2018 पर्यंत नाव स्कायलार्क होतं, आता बक2 हे टूल पण तीच वापरतं. दिसायला पायथन, पण व्हाइल नाही, रिकर्शन नाही, फाइल उघडता येत नाही, घड्याळ बघता येत नाही, डिक्शनरीचा क्रम टाकला तसाच राहतो. फाइल लोड झाली की तिची ग्लोबल व्हॅल्यू गोठतात, त्यामुळे शंभर फाइली एकदम लोड केल्या तरी एकमेकींत लुडबुड नाही. गो मधलं इंप्लिमेंटेशन चांगलं आहे, किती स्टेप चालू द्यायच्या ती मर्यादा पण घालता येते.

मुळात स्क्रिप्टने फक्त "काय कशावर अवलंबून" एवढंच सांगायचं, काम टूलने करायचं. स्क्रिप्टनेच फाइली वाचल्या तर टूलला पत्ता नाही, मग बदल झाला तरी जुनंच आउटपुट हातात.

सीवाले_काका:
व्हाइल नाही ती भाषा कसली 😀

बेझल_बंडू:
काका, बिल्ड फाइलीत व्हाइल लागतंय कशाला तेच तर विचारतोय.

उगाच_एक:
काहीच बसवू नका ना. पायथन स्क्रिप्टने निंजा या बिल्ड टूलची फाइल जनरेट करा, निंजात लॉजिक मुद्दामच ठेवलेलं नाही, सीमेक आणि मेसन ही टूलंही निंजाची फाइलच जनरेट करतात. स्वतःचं टूल सांभाळायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

गोगलगाय:
हौस नाही हो, रिमोट कॅश (बनलेलं आउटपुट सर्व्हरवर साठवणारी) आमची स्वतःची आहे म्हणून टूल सोडता येत नाही. स्टारलार्ककडे कल होतोय. पण बायनरीत गिटचा कमिट नंबर (कोडची आवृत्ती सांगणारा) टाकायचा असतो, स्क्रिप्टला बाहेरचं काही दिसत नसेल तर तो आणायचा कसा?

मेकफाइल_मावशी:
स्क्रिप्टमधून आणूच नका. एक वेगळी पायरी ठेवा, दर वेळी चालणारी, नंबर एका फाइलीत लिहायचा आणि मजकूर तोच असेल तर फाइलीला हात लावायचा नाही. त्या फाइलीवर फक्त शेवटची पायरी अवलंबून ठेवा, म्हणजे नवीन कमिटला नुसतं लिंकिंग (तयार तुकडे जोडणं) होईल. नंबर हेडरमध्ये (अनेक फाइलींनी आत घ्यायच्या फाइलीत) टाकलात तर तो हेडर घेणारं सगळं परत कंपाइल होईल, तेवढं सांभाळा.