परदेशी कंपनी बुडाली, एजंट म्हणतो "इथलं सरकार काही करू शकत नाही". सल्ला हवा

शाहूपुरीची_लेक
नमस्कार. बाबा साखर कारखान्यातून निवृत्त झाले. फंडातले ९ लाख त्यांनी दुबईत नोंदलेल्या एका कंपनीत घातले. महिन्याला ४ टक्के परतावा, ॲपवर डॉलरमध्ये शिल्लक. ६ लाख दोन चेकनं, एजंटाच्या इथल्या फर्मच्या नावे. ३ लाख रोख. दिवाळीपासून सगळं बंद, ऑफिसला कुलूप. एजंट आमच्याच पाहुण्यातला. तो म्हणतो, "कंपनी परदेशातली, सरकार हात लावू शकत नाही. तक्रार केलीत तर खाती गोठतील, आहे तेही जाईल." बाबांना रात्रभर झोप नाही. खरंच काही होत नाही का? कुठं जायचं?

रंकाळा_काठ
ताई, पाहुण्याचं ऐकून थांबू नका. आम्ही तीन महिने थांबलो, तेवढ्यात आमच्या एजंटानं प्लॉट मेव्हण्याच्या नावावर केला.

चेक इथल्या फर्मच्या नावे आहे, हाच तुमचा मोठा आधार. राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. ठेव घेऊन बुडवणाऱ्याची मालमत्ता सरकार त्याखाली जप्त करतं. नुसती कंपनीची नव्हे, भागीदार-संचालकांचीही. बदहेतूनं दुसऱ्याच्या नावावर केलेलीसुद्धा सुटत नाही. आमच्या एजंटाचा तो प्लॉट असाच परत जप्तीत आला. २०२२ साली एनएसईएल (नॅशनल स्पॉट एक्स्चेंज) या बाजाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं या कायद्यातल्या 'ठेवी'चा अर्थ व्यापक धरलाय, त्यामुळं "ही ठेव नाही, गुंतवणूक आहे" ही पळवाट आता अवघड.

खाती गोठणं वाईट नाही हो. गोठलं तरच वाटायला काही उरतं. कसबा बावड्याला एसपी ऑफिसात जाऊन आर्थिक गुन्हे शाखेकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वकील एमपीआयडीची कामं चालवलेलाच बघा. वरच्या कोर्टात जायची वेळ आली तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची वारी नाही.

गुजरीतला_सीए
परदेशी कंपनीचं मी सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्यात 'परदेशी कंपनी' म्हणजे बाहेर नोंदलेली, पण एजंटामार्फत किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गानं भारतात व्यवसायाचं ठिकाण असलेली आणि इथं धंदा करणारी कंपनी. कलम २२८ नुसार चौकशीच्या तरतुदी तिलाही लागू होतात. केंद्र सरकार प्रकरण एसएफआयओकडं, म्हणजे गंभीर फसवणुकीचा तपास करणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाकडं, देऊ शकतं. तुम्हाला थेट तो आदेश मिळवता येत नाही, पण पुण्याच्या कंपनी निबंधकाकडं तक्रार द्या, कागद तिथून पुढं सरकतो. पैसा बेकायदा बाहेर गेला असेल तर ईडी फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) कलम ३७अ खाली तेवढ्याच किमतीची इथली मालमत्ता ताब्यात घेऊ शकते.

दुबईतले कागद मात्र इथल्या न्यायालयाच्या विनंतीपत्रानं मागवावे लागतात. यूएईशी करार आहे, तरी वर्षं जातात. म्हणून जोर इथल्या मालमत्तेवर ठेवा.

कागलकर_ताई
ॲप बंद व्हायच्या आत स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ३ लाख रोख दिले त्या दिवशीची पासबुकातली काढलेली नोंद आणि एजंटाचे व्हॉट्सॲप मेसेज जोडा. रोख दिले हे बाबांनी लपवू नये, जबाबात जसं घडलं तसं सांगू दे.

आणि "बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" असे फोन येतील. माझ्या मामांचे असे आणखी ४० हजार गेले.

शाहूपुरीची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. पाहुण्यांना दुखवायचं नाही म्हणून आई अजून नको म्हणते. पण बाबांना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, तर त्यांनी उठून कपाटातून चेकबुकाची अर्धकं काढली. दोन्ही चेकची आहेत. सोमवारी त्यांना घेऊन बावड्याला जाते. अर्जाची पोच मिळाली की इथं लिहीन.