मांढरेच्या मातेची टेकडी : तुमच्या आठवणी सांगा

ग्वाल्हेरला लष्कर भागात, कंपू मोहल्ल्याच्या अंगाला ही टेकडी आहे. जयाजीराव शिंद्यांच्या काळात आनंदराव मांढऱ्यांनी इथे देवी बसवली. देवळाबद्दल वाचायला मिळतं. उतारावरच्या आपल्या घरांबद्दल, खेड्यांतून रोज वर चढणाऱ्या माणसांबद्दल मिळत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात मी करते. आजीचं घर पाटौरचं, म्हणजे वर दगडी पट्ट्यांचं छत. मे महिन्यात रात्री दहाला पाणी शिंपडलं तरी पट्ट्या वाफ सोडायच्या. गिरवाईकडून दूधवाले कक्का यायचे. सायकल खाली ठेवून दोन्ही हातांत बरण्या घेऊन चढायचे. दूध हिंदकळू नये म्हणून बरणीच्या तोंडाला गवताचा बोळा असे. आजोबा गेले तेव्हा तेरा दिवस त्यांनी दूध घातलं. महिनाअखेरीला आजीने वही उघडली, तर त्या तेरा दिवसांच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. आजी म्हणाली, "कक्का, हिसाब?" ते म्हणाले, "हो गओ, अम्मा."

—

दसऱ्याला शिंदे घराण्याचं शमीपूजन इथेच. तलवार झाडाला लागली की पानांसाठी झुंबड! पुण्याच्या मामेभावाला आपट्याऐवजी शमीचं सोनं दिलं, तर तो बघतच राहिला.

—

वडील पाटबंधाऱ्यात, त्यामुळे माझं लहानपण तिघऱ्याला गेलं. सांक नदीवरचं धरण १९१६ साली बांधलं आणि पुढच्याच वर्षी फुटलं. गावातल्या म्हाताऱ्या त्या पुराची गोष्ट आपल्या सासूच्या तोंडून ऐकलेली सांगायच्या, सांगताना आवाज खाली आणायच्या. मग लग्न होऊन या टेकडीवर आले. नळाला पाणी तिघऱ्याचंच, पण ते आमच्या उंबऱ्यापर्यंत चढत नसे! पहाटे चारला खालच्या नळावर कळशी लावून उभी राहायचे आणि मनात यायचं, माहेरी हेच पाणी खिडकीतून दिसायचं. सासूबाई वरून कंदील धरत. दोन वर्षं एकही दिवस चुकवला नाही त्यांनी. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

—

छोट्या लाईनचं कुणीच लिहिलं नाही? दोन फुटी रूळ, जौरा-सबलगढवरून थेट श्योपूरपर्यंत. आमच्याकडे कामाला येणारी मावशी बामौरहून त्याच गाडीने यायची, ओच्यात बोरं घेऊन. २०२० मध्ये गाडी बंद झाली. फार वाईट वाटलं.

—

पहिल्या आठवणीतले दूधवाले कक्का आमच्याकडेही यायचे! तो गवताचा बोळा ते मला द्यायचे, शेजारच्या वासराला घालायला. दुधाचा वास असायचा त्याला.