शेअर्ड प्रिंटर: सामाईक, सामायिक की आणखी काही?

पूर्णाकाठ (परभणी)
आमच्या कार्यालयातले सगळे संगणक आता एका डोमेनला (एका मुख्य संगणकावरून, म्हणजे सर्व्हरवरून, चालणाऱ्या जाळ्याला) जोडलेत. टेबलाटेबलावरचे छोटे प्रिंटर गेले, शाखेला एक मोठा आला. साहेबांनी सूचनापत्रक मराठीतच काढायला सांगितलं. मी लिहिलं, "प्रक्षेत्रातील सामायिक प्रिंटर गट धोरणानुसार आपोआप जोडला जाईल." (प्रक्षेत्र म्हणजे डोमेन; गट धोरण म्हणजे ग्रुप पॉलिसी, सर्व्हरवरून सगळ्या संगणकांना लागू होणारी सेटिंग.) आस्थापनेच्या अव्वल कारकुनांचा शेरा आला: 'सामायिक' चूक, 'सामाईक' करावे. नेमकं काय बरोबर? आणि तुमच्याकडं अशा प्रिंटरला काय म्हणतात?

दुधना
सामाईकच, ताई. सातबारा काढून बघा, 'सामाईक क्षेत्र', 'सामाईक विहीर'. चार भावांची मिळून असलेली वस्तू ती सामाईक. 'समय'वरून होतो तो 'सामयिक'. या दोघांच्या मधला 'सामायिक' संगणकवाल्यांनी तयार केलाय.

मांजरा (लातूर)
तयार केलेला नाही, सर. जैनांच्या घरात तो फार जुना आहे. माझी आजी रोज सामायिक करायची. ४८ मिनिटं आसनावर बसायचं, समभाव धरायचा. त्यामुळं फोनवर 'सामायिक करा' दिसलं की मला आजीच आठवते. म्हणून तरी प्रिंटरला सामाईक लिहा, दोन्ही शब्द आपापल्या जागी राहतील.

मन्याड (नांदेड)
ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघू, आधी वस्तू कोणती ते ठरवा. मी हीच कामं करत फिरतो. प्रिंटरला स्वतःचा आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा क्रमांक) देऊन प्रत्येक संगणक त्याला थेट जोडला, तर तो नेटवर्क प्रिंटर. सर्व्हरवर बसवून तिथून शेअर केला, तर सगळ्यांच्या प्रिंट आधी सर्व्हरच्या रांगेत लागतात आणि मग कागदावर उतरतात, तो शेअर्ड. टेबलावरचा यूएसबीचा प्रिंटरसुद्धा शेअर होतो, पण ते टेबलवाले संगणक बंद करून रजेवर गेले की आख्ख्या शाखेची प्रिंट निघेना होते. तिन्हींना सामाईक म्हणून बसलात तर "सामाईक प्रिंटर चालेना" असा फोन आल्यावर मी आधी काय तपासू? सर्व्हर, वायर की त्या रजेवरच्या माणसाचं टेबल?

आणि 'गट धोरण' तर लिहूच नका. सरकारी कार्यालयात गट म्हणजे गट क, गट ड. एका ठिकाणी असं पत्रक लागलं तेव्हा शिपाईमामा मला बाजूला घेऊन विचारायले, "गट ड ला प्रिंट बंद होणार का?" ग्रुप पॉलिसी म्हणा, सगळ्यांना कळतं.

पूर्णाकाठ
'प्रक्षेत्रा'चंही तसंच झालं. परभणीत कृषी विद्यापीठ असल्यानं प्रक्षेत्र म्हणजे विद्यापीठाची शेती, हे लहान लेकरालाही माहीत. भांडारवाले विचारायलेत, प्रिंटर शेतात कशाला न्यायलेत?

बालाघाट (बीड)
माझे वडील निजामाच्या काळात तहसिलात मुहर्रिर (कारकून) होते. सामाईकला त्यांच्या तोंडी 'मुश्तरका' असायचं, मुश्तरका जमीन, मुश्तरका खानदान. मला तर सामाईक हा 'शामिल'मधूनच आला असं कायम वाटत आलंय.

शब्द घडवण्याबद्दल एक सांगतो. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी पाठ्यपुस्तकांसाठी हैदराबादेत दारुत्तर्जुमा, म्हणजे अनुवाद विभाग, काढला होता. तिथं बसून विद्वानांनी हरेक शास्त्राचे उर्दू शब्द घडवले. १९४८ नंतर आपल्याकडचा कारभार बदलला आणि ते शब्द गेले. तहसील, नक्कल, दस्तऐवज मात्र अजून आहेत, कारण ते लोकांच्या रोजच्या कामात होते. म्हणून म्हणतो, 'शेअरचा प्रिंटर' म्हणायलेत ना लोक? म्हणू द्या.

दुधना
काका, शामिलचा सामाईक झाला म्हणता, मग त्यातला 'ल' कुठं गेला? हा शब्द सरळ 'सम'च्या घरातला दिसतो.

आणि रोजच्या कामातले शब्द राहिले, हे अगदी मान्य. पण मराठी शब्द रोजच्या कामात आणायला कुणीतरी सुरुवात करायलाच पाहिजे. 'संगणक' आज कुणाला जड जातो? सरकारी पत्रकातसुद्धा आपण मराठी लिहिणार नसू, तर दुसरीकडं कुठं लिहिणार?

मन्याड
लिहा सर, पण वाचणाऱ्याला काम करता आलं पाहिजे. ऑगस्ट २०२१ च्या सुरक्षा अपडेटपासून विंडोजमध्ये सर्व्हरवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) बसवायला ॲडमिनचे अधिकार लागतात. मी बघितलेल्या एका पत्रकात होतं, "चालक बसविण्यास प्रशासकाची परवानगी आवश्यक." ज्या गावात नगरपालिकेवर प्रशासक बसलाय, तिथं हे वाक्य वाचून माणूस काय समजेल? गाडीवरच्या ड्रायव्हरची भरती.

मांजरा
मग ॲडमिनला काय लिहायचं? व्यवस्थापक?

बालाघाट
व्यवस्थापक म्हटलं की बँकेतला मॅनेजर डोळ्यापुढं येतो. वडील मुंतजिम म्हणायचे. सगळी व्यवस्था ज्याच्या हातात तो.

दुधना
मुंतजिम आज कुणाला कळणार, काका? त्यापेक्षा 'कारभारी' घ्या. अस्सल शब्द आहे, गावात अजून चालतो.

मांजरा
चालतो, पण आमच्याकडं बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, सर. पत्रकात "कारभाऱ्यांना विचारून ड्रायव्हर बसवावा" असं कसं छापायचं?

दुधना
'संगणक कारभारी' असं जोडून लिहा की.