हॉटस्वॅप कीबोर्ड: एक की दोनदा उमटते, दुसरी उमटतच नाही

प्रश्न:
८७ कींचा स्वस्तातला हॉटस्वॅप बोर्ड आहे, म्हणजे कींखालचे स्विच सोल्डर न काढता बदलता येतात. 'ई' एकदा दाबला तरी कधीकधी दोनदा उमटतो. स्विचमध्ये आयपीएचे (आयसोप्रोपिल अल्कोहोल) दोन थेंब सोडले की दहा-बारा दिवस ठीक, मग पुन्हा तेच. 'एन' मात्र जोरात दाबला तरच लागतो, तोही नेहमी नाही. दोन्हीचं मूळ एकच असेल का?

उत्तर १:
बहुधा दोन वेगळी दुखणी आहेत. 'ई' आणि 'क्यू'चे स्विच पुलरने सरळ वर ओढून काढा आणि अदलाबदल करून लावा. दोष स्विचबरोबर गेला तर स्विच खराब, जागेवरच राहिला तर सॉकेट (स्विचच्या पिना ज्यात बसतात तो भाग) किंवा बोर्ड. 'एन'चंही तसंच करा. लावण्याआधी पिना बघा. एखादी स्विचच्या पोटाखाली दुमडली तरी वरून तो चपखल बसलेला दिसतो आणि की मात्र मेलेली. चिमट्याने सरळ होते, पण दोन-तीनदा वाकवली की तुटते.

प्रश्नकर्ता:
पिना सरळ आहेत. 'ई'चा दोष 'क्यू'वर गेला, 'एन'चा तिथेच राहिला.

उत्तर २:
मग 'ई'चा निकाल लागला, स्विच बदला. आयपीएने स्विचमधल्या संपर्काच्या पत्तीवरची घाण सैल होते, पण स्विच बंद असल्यामुळे आतच राहते आणि पुन्हा संपर्काच्या जागी येऊन बसते. म्हणून दहा दिवसांचाच गुण. फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) डिबाउन्स, म्हणजे एका दाबातले लागोपाठचे संकेत दुर्लक्षित करायचा वेळ, ५ वरून १० मिलिसेकंद करता आला तर दोनदा उमटणं थांबेल, पण ती मलमपट्टी.

'एन'चा स्विच काढा. केबल लावलेली ठेवून सॉकेटच्या दोन्ही भोकांतल्या पत्त्या धातूच्या चिमट्याने जोडा. एरवी उमटत नाही, पण केस उघडून सॉकेट मागून बोटाने दाबलं की उमटतो, असं असेल तर सोल्डर तडकलंय. मागून आधार न देता स्विच दाबून बसवले की असं होतं. केबल काढा, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ) लावा, सोल्डरिंग आयर्न ३५० अंश सेल्सियसवर ठेवून दोन्ही टाके २-३ सेकंद वितळवून किंचित नवं सोल्डर द्या. गरम असताना सॉकेट हलवू नका, पॅड (बोर्डावरचा तांब्याचा तुकडा, ज्यावर टाका असतो) उखडतं.

उत्तर ३:
पॅड आधीच उखडलं असेल तर नुसतं सोल्डर टिकणार नाही. सॉकेटचा एक पाय सहसा डायोडला (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जातो, दुसरा त्याच ओळीतल्या किंवा स्तंभातल्या कींना. मल्टिमीटरच्या बीपने (जोड असला की वाजतो) शेजारच्या चालू कीवर हे ताडून बघा आणि उखडलेल्या बाजूच्या पायापासून तो जिथे जायला हवा तिथपर्यंत बारीक इनॅमल वायर (आवरण दिलेली तांब्याची तार) ओढा. हात घातलाच आहे तर डायोडही तपासा: डायोड मोडवर एका दिशेने साधारण ०.६ व्होल्ट, उलट दिशेने काहीच नाही. बदलायचा झाला तर त्याच्यावरच्या पट्टीची बाजू शेजारच्या डायोडसारखीच ठेवा, उलटा बसला तर की लागणारच नाही.