सीझन लांबला तेव्हा काय केलंत? बेसबॉलवाल्यांनो, सांगा

अमेरिकन बेसबॉलच्या मेजर लीगचे टीम-मालक आणि खेळाडू यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. पुन्हा टाळं लागणार, म्हणजे मालक खेळच बंद ठेवणार, अशी कुजबुज आमच्या घरात आत्ताच सुरू झालीय, आणि मला मार्च २०२० आठवायला लागलाय. म्हणून हा धागा.

ज्यांना या खेळाचं वेड नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: प्रत्येक टीम साधारण सहा महिन्यांत १६२ सामने खेळते. म्हणजे जवळजवळ रोज. वर्ल्ड कप पुढे गेला तर आपण हळहळतो आणि कामाला लागतो. हे तसलं नाही. सकाळी दूधवाला यायचाच बंद व्हावा, तसं हे.

मी न्यू जर्सीची. न्यू यॉर्कची मेट्स टीम ही नवऱ्याने लावलेली सवय. संध्याकाळी सातला ओट्यावरचा रेडिओ लागायचा आणि त्यावर पोळ्या व्हायच्या. १२ मार्च २०२० ला सराव सामने थांबले, २६ मार्चची सुरुवात पुढे गेली. आधी म्हणाले, निदान दोन आठवडे. पहिला चेंडू पडला २३ जुलैला, आणि १६२ चे ६० सामने झाले. मधल्या काळात मी जुने सामने लावले. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, बॉस्टनच्या बकनरच्या पायांमधून चेंडू जातो तो. निकाल पाठ आहे, तरी दहाव्या इनिंगला लाटणं थांबलंच आणि तव्यावरची पोळी करपली.

२०२२ ला पुन्हा तेच, या वेळी मालकांनी केलेलं. ९९ दिवस. विषाणूची ती टाळेबंदी आणि मालकांची तीही टाळेबंदीच, मराठीला दुसरा शब्द सुचला नाही. तेव्हा सीझन आठवडाभरच पुढे गेला, ३१ मार्चचा ७ एप्रिल झाला, आणि सामने पूर्ण १६२ झाले. पण तो निकाल कळेपर्यंत आमच्याकडे हिवाळा काही संपला नाही.

तुमचं सांगा. कुठून लिहिताय तेही सांगा.

केरी, नॉर्थ कॅरोलायना (आता नाशिक)

मी इथली सगळ्यात नवशिकी. फेब्रुवारी २०२० मध्ये सुनेच्या बाळंतपणाला गेले, मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि तिथेच अडकले. मुलाला डरहॅम बुल्सचं वेड. ही धाकट्या लीगमधली टीम, मैदान घरापासून अर्ध्या तासावर. मोठ्या लीगचं 'आज उद्या' तरी चाललं होतं. धाकट्यांचा अख्खा सीझनच जूनअखेर रद्द झाला. त्या दिवशी तो जेवला नाही. पस्तिशीचा घोडा, पण जेवला नाही.

त्याआधी मे महिन्यापासून कोरियाचे सामने टीव्हीवर दाखवायला लागले होते. तिकडे संध्याकाळ, आमच्याकडे पहाटे साडेपाच. त्या वेळी घरात दोनच माणसं जागी असायची, मी आणि महिन्याचं बाळ. आवाज बंद करून लावायचे, बाळाला मांडीवर घ्यायचे आणि बघत बसायचे. तिथे एनसी डायनोज नावाची टीम आहे. एनसी ही गेम बनवणाऱ्या एका कंपनीची अक्षरं, पण नॉर्थ कॅरोलायनाचीही तीच. तेवढ्या आधारावर आमच्या राज्यातल्या लोकांनी ती टीम दत्तक घेतली! 'तुम्ही कुठले कुलकर्णी?' म्हणत आपण नातं काढतो ना, तसं.

नियम मला बाळानेच शिकवले म्हणायचे, कारण विचारायला दुसरं कोणी नव्हतं. तीन स्ट्राइक म्हणजे बाद, चार बॉल म्हणजे फुकट चाल, एवढं आठवड्यात कळलं. कोरियन खेळाडू होम रन मारला की बॅट ऐटीत भिरकावतात. मुलगा म्हणाला, इथे असं केलं तर पुढच्या वेळी पिचर अंगावर चेंडू टाकेल. मी म्हटलं, म्हणजे सासुरवासच की.

ऑगस्टमध्ये वंदे भारतच्या विमानाने परत आले. नोव्हेंबरात मुलाने व्हिडिओ पाठवला. डायनोज अजिंक्य ठरले होते आणि कप्तानाने मैदानात भली मोठी तलवार उचलली होती, त्या कंपनीच्या गेममधली. दसरा होऊन महिना झाला होता, तरी मी फोनला नमस्कार केला.

मॉन्ट्रियल

आजी, तुमचं वाचून हसलो. माझं वाचून कुणी हसणार नाही.

मी परळच्या चाळीत वाढलो, वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. तो संप मागे घेतला असं रीतसर कुणी कधी जाहीरच केलं नाही. एकेक जण गावी गेला, कुणी भाजीची गाडी लावली. त्यामुळे 'संप' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात अजूनही काहीतरी हलतं.

१९९४ मध्ये मी इथे नवीन होतो. फ्रेंच धड येत नव्हतं, बर्फाची भीती वाटायची, आणि कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने मला इथल्या एक्स्पोज टीमचे सामने दाखवायला सुरुवात केली. काय टीम होती! पेड्रो मार्टिनेझ, लॅरी वॉकर, मोईझेस अलू, ग्रिसम. १२ ऑगस्टला संप सुरू झाला तेव्हा ७४ जिंकलेले, ४० हरलेले. सगळ्या बेसबॉलमध्ये याहून चांगली कामगिरी कुणाची नव्हती. सप्टेंबरात वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. दोन महायुद्धांत चुकली नव्हती ती.

कॅन्टीनमध्ये सगळे म्हणायचे, हा लखपतींचा संप. मी एकटा खेळाडूंच्या बाजूने भांडायचो. मालकांना पगारावर मर्यादा घालायची होती, आणि मालकाची बाजू घेणं आमच्या घरात बसत नव्हतं. अजूनही माझं मत तेच आहे. पण मत शाबूत राहिलं म्हणून टीम शाबूत राहिली नाही.

कोर्टाचा आदेश आला, एप्रिल १९९५ च्या सुरुवातीला संप मिटला, २५ एप्रिलला सीझन सुरू झाला, १४४ सामन्यांचा. तोवर, संप मिटल्यापासून आठवड्याच्या आत, आमच्याकडचे वेटलँड, हिल, ग्रिसम दुसरीकडे गेले होते, वॉकर कोलोराडोला. मी त्या वर्षी एकदा स्टेडियमवर गेलो. केवढं थोरलं छप्पर आणि खाली ओळीच्या ओळी रिकाम्या खुर्च्या. पुन्हा गेलो नाही. २००४ नंतर टीम वॉशिंग्टनला गेली. २०१९ ला तीच वॉशिंग्टनची टीम वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा एका मित्राने अभिनंदनाचा फोन केला. मी फोन ठेवून दिला.

तुम्ही विचारलंत, काय केलंत. मी सोडून दिलं.

बॉस्टन

मॉन्ट्रियलच्या काकांना काय लिहावं कळत नाही. आमचं दुखणं जुनं आणि त्या मानाने किरकोळ. १९७२ च्या एप्रिलमध्ये संपामुळे सुरुवातीचे सामने गेले आणि ते पुन्हा खेळवायचे नाहीत असं ठरलं. त्यामुळे सगळ्यांचे सामने सारखे झाले नाहीत. डेट्रॉइट ८६ जिंकलं, ७० हरलं. आमचे रेड सॉक्स ८५ जिंकले, ७० हरले. गटाचं अजिंक्यपद अर्ध्या सामन्याने गेलं! माझे अमेरिकन सासरे थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना अजून हा हिशेब मांडतात. त्यांना कुणी अडवत नाही.

फिनिक्सजवळ, ॲरिझोना

सगळे मनाचं बोलतायत, मी गल्ल्याचं बोलते. आमची दहा टेबलांची खानावळ आहे. इथे दर वसंतात पंधरा टीम सरावाला येतात आणि त्यांच्यामागे थंडीने पिचलेले लोक शिकागोहून, मिलवॉकीहून येतात. फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर हा आमचा ऊस. बाकी वर्ष पाचट.

२०२० ला १२ मार्चला सगळं एका दुपारी थांबलं. फ्रीजरमध्ये चाळीस किलो चिकन होतं. २०२१ ला मैदानात मोजकीच माणसं सोडत होते. २०२२ ला म्हटलं, आता तरी, तर टाळं! सराव सामने मार्चच्या मध्याला सुरू झाले, निम्मा हंगाम गेला. सलग तिसरा मार्च. त्या वर्षी मी डबे सुरू केले, घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या लोकांसाठी वरण-भात, पोळी-भाजी. आता डब्यांचं उत्पन्न मार्चपेक्षा जास्त आहे. बेसबॉल मला आजही कळत नाही, पण एखादी टीम वेळेत आली का हे बँकवाल्यांच्या आधी मला कळतं.

पुणे

भारतात राहून बेसबॉल बघणारे आम्ही मोजके. अमेरिकेचे रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचार-पाचला सुरू होतात, त्यामुळे बायको म्हणायची की सीझन लांबला ते बरंच झालं, निदान झोपशील.

झोपलो नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तैवानची लीग सुरू झाली, तेव्हा जगात चालू असलेल्या बेसबॉलमध्ये तीच पहिली. सामना आपल्या घड्याळाने दुपारी चारला. ऑफिसची मीटिंग एका खिडकीत, ताओयुआनचं स्टेडियम दुसऱ्या. इंग्रजी समालोचनही मिळायचं. स्टँडमध्ये प्रेक्षक नाहीत, टीमचे कपडे घातलेले दुकानातले पुतळे बसवलेले, आणि ढोल बडवणारे चक्क रोबो! आमच्या सोसायटीत २२ मार्चला थाळ्या वाजवून झाल्या होत्या, त्यामुळे मला त्या रोबोंची चेष्टा करायचा अधिकार नव्हता. मे महिन्यात त्यांनी हजार प्रेक्षक आत सोडले. एक माणूस मास्क लावून, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मोकळ्या ठेवून एकटाच टाळ्या वाजवत होता. त्याच्याकडे बघून घशात काहीतरी अडकलं, आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी मला मीटिंगमध्ये प्रश्न विचारला.

गणपतीत पथकं नव्हतीच. त्या वर्षी मी ऐकलेले ढोल म्हणजे ताओयुआनचे.

लॉस एंजेलिस

लोक आमच्या डॉजर्सच्या २०२० च्या वर्ल्ड सिरीज विजयाला 'साठ सामन्यांचा' म्हणून नाक मुरडतात. मुरडा. ३२ वर्षं थांबलो होतो आम्ही. शेवटचा सामना टेक्सासात आर्लिंग्टनला झाला, आणि मिरवणूक निघालीच नाही. मी आणि मुलगी गाडीत बसून हॉर्न वाजवत कॉलनीला तीन चकरा मारून आलो. रस्त्यावरच्या मिरवणुकीसाठी नोव्हेंबर २०२४ उजाडावा लागला. तेव्हा मुलगी कॉलेजला गेलेली, आली नाही.

एक तक्रार मात्र आहे. त्या वर्षी घाईत आणलेला, जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकटचा रनर उभा करायचा नियम. तात्पुरता म्हणाले होते. २०२३ पासून तो कायमचा झाला. पाहुणा म्हणून आला आणि रेशनकार्डावर नाव लावून बसला.

निशिनोमिया, जपान

माझं घर कोशिएन स्टेडियमपासून सायकलने पंधरा मिनिटांवर. प्रो लीग १९ जूनला सुरू झाली. आधी प्रेक्षकांविना, मग हळूहळू लोक आले, पण ओरडायचं नाही, तुताऱ्या नाहीत. हान्शिन टायगर्सच्या सामन्यात इतकं शांत, की चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज वरच्या रांगेत ऐकू यायचा. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

पण इथे खरं दुःख कोशिएनवर होणाऱ्या शाळांच्या स्पर्धेचं होतं. वसंतातली आधीच गेली होती, २० मेला उन्हाळ्यातलीही रद्द केली, युद्धानंतर पहिल्यांदाच. आमच्या शेजारचा मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षाला, कॅचर. त्याची शाळा प्रांताच्या दुसऱ्या फेरीपलीकडे कधी गेली नव्हती, कोशिएन तर फार लांब. पण रोज सकाळी सहाला डोकं भादरलेला तो पोरगा सायकलवर दिसायचा, तो दिसेनासा झाला. त्याची आई म्हणाली, त्याला हरूनच बाहेर पडायचं होतं, तेही राहिलं.

कोशिएनला हरलेली पोरं रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. त्या वर्षी टायगर्स आणि स्टेडियमने मिळून ती माती घातलेली किचेन देशभरातल्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना पाठवली. त्यालाही आलं. त्याच जूनअखेर माझे सासवडचे वडील फोनवर सांगत होते की पालख्या यंदा एसटीने पंढरपूरला गेल्या. ते स्वतः गच्चीवर रोज त्या त्या मुक्कामाएवढं अंतर चालत होते. मी त्यांना मातीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कपाळाला लावली का त्याने?"

मी विचारलं नाही. तो मुलगा आता कोबेत नोकरी करतो. किचेन आईच्या सायकलच्या किल्लीला आहे.

सॅन फ्रान्सिस्को

आमचं जायंट्सचं सीझन तिकीट होतं. प्रेक्षक नाहीत म्हटल्यावर तिकीटवाल्यांचे पुठ्ठ्याचे पुतळे खुर्च्यांवर बसवणार, फोटो पाठवा, असं पत्र आलं. माझे सासरे कऱ्हाडचे, दर दोन वर्षांनी यायचे आणि ओरॅकल पार्कला हटकून जायचे. खेळापेक्षा त्यांना समोरची खाडी आणि तिथे चेंडू पडायची वाट बघत थांबलेल्या होड्या आवडायच्या. २०१९ मध्ये ते गेले. आम्ही त्यांचा फोटो पाठवला, गांधी टोपीतला.

मग काय, जुलैअखेरपासून घरात सामना कमी आणि टोपी शोधणं जास्त. पांढरं काही दिसलं की धाकटा ओरडायचा, "आजोबा!" बहुतेक वेळा ती कुणाची तरी पांढरी कॅप असायची. सासूबाई कऱ्हाडहून व्हिडिओ कॉलवर बघायच्या. ९ सप्टेंबरला वणव्यांच्या धुराने शहरावरचं आभाळ दिवसभर शेंदरी झालं होतं, दुपारी दिवे लावावे लागले. तरी संध्याकाळी सामना झाला. त्या उजेडात हजारो पुठ्ठ्याची माणसं न हलता बसलेली. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना धुराचा त्रास व्हायचा, आज नको होतं बसवायला."

शेवटच्या दिवशी हरून जायंट्स २९-३१ वर अडकले आणि प्लेऑफ थोडक्यात हुकला.

केरी, नॉर्थ कॅरोलायना (आता नाशिक)

ते सगळं राहू दे. टोपी दिसली का शेवटी?

सॅन फ्रान्सिस्को

एकदाच, आजी. फाउल गेलेला चेंडू त्यांच्या दोन रांगा पुढे पडला आणि कॅमेरा तिकडे वळला. दीड सेकंद. सासूबाईंचा कॉल नेमका तेव्हाच कटला होता.