मंडळाच्या पिक्चर नाइटला जुने ट्रान्सफॉर्मर्स दाखवायचे का?

प्रेषक: दोन पोरांची आई

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या कार्यक्रमात मोठ्यांचं नाटक चालू असताना मुलांना शेजारच्या हॉलमध्ये १९८४ चं ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाड्यांचे रोबो होतात ते अमेरिकन कार्टून दाखवणार असं कळलं. कमिटीत कोणी ते आधी बघितलंय का? मी काल दोन एपिसोड बघितले, पहिल्या मिनिटापासून ढिशुम ढिशुम, जो उठतो तो लेझर सोडतो, आणि जरा कुठे गोष्ट कळायला लागली की एखादा नवीन रोबो टपकतो. हे सगळं खेळणी विकायला बनवलंय हे आंधळ्यालाही दिसेल. त्यात त्याच हॉलच्या दारात स्पॉन्सरचा खेळण्यांचा स्टॉल लागणार म्हणे! म्हणजे वर्गणी आपण भरायची आणि जाहिरातही आपल्याच मुलांना दाखवायची. माझा धाकटा पाच वर्षांचा आहे, बघून झाल्यावर अर्धा तास उशीला बुक्क्या मारत होता.

राग मानू नका, पण बोलणं भाग होतं.

---

प्रेषक: खजिनदार

ताई, हॉलचे पैसे भरून झालेत आणि स्टॉलवाल्याने समोशांचा खर्च उचललाय, एवढंच माझ्या खात्यातलं सांगतो. बाकी आम्ही लहानपणी दूरदर्शनवर हीमॅन बघायचो, तोही खेळण्यांवरूनच आलेला, आम्ही काय बिघडलो? (याचं उत्तर कृपया लिस्टवर देऊ नये.)

---

प्रेषक: वर्धेकर (सध्या मुक्काम गावी)

ताई, काका, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला कारण इथं लाइन असली की नेट नसते अन् नेट आलं की लाइन जाते. आर्वीच्या पुढं आमचं गाव, पोळ्यासाठी पोरांना घेऊन आलोय, परवा नागपूरहून निघतो. कार्टूनचा उद्योग माझाच होता त्यामुळे शिव्याही माझ्याच नावावर टाका.

आधी ताईंचं जे खरं आहे ते मान्य करून टाकतो. जाहिरातच आहे ती. टाकारा नावाची जपानी कंपनी डायाक्लोन अन् मायक्रोमॅन या नावांनी खेळणी विकायची, त्यात गाडीचा रोबो होणारी, पिस्तुलाचा रोबो होणारी असा सगळा माल, तो हॅसब्रोने अमेरिकेत आणला. आता नुसतं प्लास्टिक कोण घेणार, म्हणून मार्वल कॉमिक्सवाल्यांकडून गोष्ट लिहून घेतली अन् तिथल्या बॉब बुडियान्स्की नावाच्या संपादकाने बहुतेक रोबोंची नावं अन् स्वभाव बसून ठरवले. म्हणजे लग्न आधी ठरलं अन् पत्रिका मागून जुळवली. तक्रारही काही नवी नाही, १९६९ मध्येच हॉट व्हील्सच्या कार्टूनवर ओरड झाली होती की हा कार्यक्रम नाही, अर्ध्या तासाची जाहिरात आहे, अन् तेव्हा एफसीसीने, म्हणजे तिथल्या टीव्ही-रेडिओवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ते मनावर घेतलं होतं. मग रेगनच्या काळात नियम सैल सोडले अन् हा सगळा कारखाना सुरू झाला. मुलांच्या कार्यक्रमात तासाला जाहिराती किती, याला कायद्याने वेसण बसली ती १९९० मध्ये, शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं अन् इतर दिवशी बारा.

मारामारीचं मात्र मला तेवढं वाटत नाही, अन् हे मी इथं ओसरीवर बसून बघितलेलं सांगतोय. मोबाईलवर चार एपिसोड उतरवून आणले होते. माझा सात वर्षांचा, पुतण्या नऊ वर्षांचा अन् गल्लीतली अजून चार-पाच पोट्टी, सगळे एका मोबाईलवर. इंग्रजी अर्ध्यांना कळत नव्हतं तर पुतण्या भाषांतर करत होता, अन् त्याला तरी इंग्रजी कुठं येतं, तो चित्र बघून ठोकून देत होता. आमच्या बाबांनी विचारलं, हे भांडतात कायच्यासाठी? तर म्हणे, "आबाजी, तो मेगाट्रॉन हाय न, तो लायनीवर आकडा टाकते." मी हसून हसून आडवा. पण विचार केला तर पोरगं चुकलं कुठं? डिसेप्टिकॉन, म्हणजे मेगाट्रॉनची दुष्ट रोबोंची टोळी, येतात, धरणावरची नाहीतर तेलविहिरीवरची ऊर्जा फुकटात खेचून तिचे एनर्जॉन क्यूब बनवतात अन् घेऊन जातात, हा आकडाच झाला. त्याच टोळीतल्या स्टारस्क्रीमला पुतण्याने उपसरपंच नाव ठेवलं, कारण मेगाट्रॉन जरा पडला की हा लगेच "आता मी पुढारी" म्हणून उभा. (आमच्या उपसरपंचांना हा मेल दाखवू नका.)

अन् चांगल्या रोबोंचा पुढारी ऑप्टिमस प्राइम. तो लाल ट्रक ओरडत नाही, हे ताई तुम्ही पुढच्या वेळी कान देऊन ऐका. त्याचा आवाज पीटर कलनचा. तो ऑडिशनला निघाला तेव्हा त्याच्या भावाने, व्हिएतनामला लढून आलेला मरीन तो, सांगितलं की सिनेमातल्यासारखा आरडाओरडा करणारा हीरो करू नको, खरा दमदार माणूस नरमाईने बोलू शकतो. कलनने तोच भाऊ आवाजात उतरवला. माझे मोठे बाबा डवरणीला असेच, बैलावर कधी तुतारी (टोचायची काठी) उगारली नाही, नुसतं "हो बाप्पा, हो" म्हणायचे अन् जोडी तासाला लागायची. मला प्राइमच्या आवाजात तेच ऐकू येते, आता यात माझा लहानपणचा मोह किती अन् कार्टूनचा गुण किती हे तुम्हीच ठरवा.

बघून झाल्यावर पोरांनी काय केलं ते ऐका. तान्हा पोळा होता, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन फिरतात तो. माझा लहानपणचा लाकडी नंदी माळ्यावरून काढला, गावच्या सुताराने केलेला, एक चाक केव्हाच गेलं होतं, त्या जागी तेलाच्या पिप्याचं झाकण ठोकलेलं. आदल्या दिवशीच्या पोळ्यात खऱ्या बैलांची झूल अन् बाशिंगं बघितली होती, झडत्या ऐकल्या होत्या, तेव्हा मला वाटलं आता नंदीलाही तसंच सजवतील. पोट्ट्यांनी खोक्याचा पुठ्ठा कापून त्याला दोन हात लावले, पाठीवर तुराटीची बंदूक सुतळीने बांधली, मागच्या पायांवर उभा केला की रोबो, आडवा ठेवला की बैल. अन् निघाले घरोघर बोजारा, म्हणजे बैलाच्या नावाने मिळणारे पैसे, मागायला. तिसऱ्या घरची आजी काही ऐकेना.

"हा बैल होय का बंडी होय?"

"आजी, हा बदलते."

"बदलते त बदलू दे, याची शिंगं कोठी हायेत?"

शिंगं पुठ्ठ्याखाली दबली होती. पुठ्ठा वर केला, आजीने शिंगं बघितली, हळद-कुंकू लावलं, अन् मग काय वाटलं कुणास ठाऊक, एक बोट पुठ्ठ्याच्या छातीवरही टेकवलं. दहा रुपये बोजारा. बंदूक दिवसभर पाठीवर होती पण एकदाही कोणावर चालली नाही, भांडण झालं ते दोरी कोण ओढणार यावरून.

तरी सगळंच दाखवा असं माझं म्हणणं नाही. १९८६ चा सिनेमा लहान पोरांना अजिबात नको. त्यात प्राइम मरतो, तोही सुरुवातीलाच, अन् कशासाठी तर नवीन खेळणी बाजारात आणायची होती म्हणून जुना माल हलवायचा होता. थिएटरात पोरं रडली, शेवटी १९८७ मध्ये त्याला परत आणावं लागलं. ताई, लेझरपेक्षा मला हे जास्त खुपते. आपल्याकडे म्हातारा बैल गेला तरी त्या घरी पोळा सुना जाते, अन् इथं दुकानाचं फडताळ रिकामं करायचं म्हणून पोरांचा बाप मारला. दुसरं, सिरीजमध्ये एका एपिसोडात कार्बोम्ब्या नावाचा वाळवंटी देश आहे, वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या ४,००० माणसं अन् १०,००० उंट. क्लिफजंपर या रोबोचा आवाज देणारा केसी केसम लेबनीज घरचा होता, त्याने त्यापायी काम सोडलं. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो एपिसोड लावू नये हे सांगायला नको.

तेव्हा माझं म्हणणं असं, पहिल्या सीझनचे दोन-तीन एपिसोड लावा, सिनेमा नको, अन् स्टॉल तर नकोच नको. कार्टून चाळीस वर्षांपूर्वी जाहिरात होतं, आता दारात दुकान मांडून आपण त्याला परत जाहिरात कायले करायची?

---

प्रेषक: दोन पोरांची आई

दादा, आजीचं वाचून नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मारामारीबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही, सहा वर्षांखालच्या मुलांना मी वेगळ्या खोलीत गोष्ट सांगत बसेन, त्याला तुमची हरकत नसावी. आणि मुली कुठे आहेत हो त्या कार्टूनमध्ये? आर्सी म्हणून एक गुलाबी आहे ती आली तुम्ही नको म्हणताय त्याच सिनेमात. दुसऱ्या सीझनमध्ये एलिटा वन आणि तिच्या मैत्रिणींचा एक एपिसोड आहे, मी शोधून ठेवलाय, तो लावणार असाल तर माझी मोठी पहिल्या रांगेत बसेल.

स्टॉलच्या जागी दोन टेबलं टाकू, खोकी, सुतळी, कात्री. मुलांनी स्वतःचे रोबो करावेत. तो नंदी सामानात आणता येईल का?

---

प्रेषक: वर्धेकर

नंदी पुतण्याकडेच राहील, त्याने आधीच सांगून ठेवलंय. फोटो आणतो. खोकी माझ्या गॅरेजमध्ये पंधरा-वीस निघतील.

---

प्रेषक: खजिनदार

सगळं मान्य. स्टॉलवाल्याला मी फोन करतो. फक्त १२० समोसे आता कोणाच्या खात्यावर टाकायचे तेवढं कोणीतरी कळवा.