नळी टाकण्याआधी बायपॅप: प्रत्येकाला लावावा का?

रामबागचा भूलतज्ज्ञ
इंदूरमधल्या लहान आयसीयूंत मला श्वासनलिकेत नळी टाकायला बोलावतात. पेशंट बहुधा ऑक्सिजनच्या पिशवीच्या मास्कवर असतो. मास्क गालाशी उघडा, पिशवी दर श्वासाला पार चपटी होते, तरी सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९४ म्हणून सगळे निर्धास्त. भुलीचं औषध देऊन श्वास थांबला की बघता बघता ७०! निरोगी माणसाची फुफ्फुसं ऑक्सिजनने नीट भरली तर ९० पर्यंत उतरायला सात-आठ मिनिटं मिळतात. न्यूमोनियात तेवढा साठा होतच नाही.

अमेरिकेतल्या १३०१ गंभीर रुग्णांवरची ‘प्रीऑक्सी’ चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या मास्कवर १८.५ टक्के जण ८५ च्या खाली गेले, बायपॅपसारख्या, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या आधारावर ९.१ टक्के. म्हणून माझं म्हणणं, किमान तीन मिनिटं बायपॅप दिल्याशिवाय कुणालाही औषध देऊ नये.

मेडिसिनवाला, सुदामा नगर
सर, ‘कुणालाही’ याला माझा विरोध आहे. उलट्या होणारे, रक्त ओकणारे, तत्काळ नळी लागणारे पेशंट त्या चाचणीत घेतलेच नव्हते. माझ्याकडे नेमके तेच येतात. सांवेर-देपालपूरकडून कीटकनाशक प्यायलेला माणूस येतो, तोंडाला फेस, अर्धवट शुद्धीत. त्याच्या तोंडावर घट्ट मास्क बांधून हवा ढकलली तर पोट फुगणार आणि पोटातलं सगळं फुफ्फुसात जाणार. त्याला सक्शन, म्हणजे तोंडातलं शोषून काढणं, आधी लागतं.

रामबागचा भूलतज्ज्ञ
अशांना बायपॅप नकोच, ‘कुणालाही’ मागे घेतो. पण उलटीच्या भीतीने न्यूमोनियाच्या पेशंटचा बायपॅप का अडवायचा? प्रीऑक्सीत पोटातलं श्वासनलिकेत जाण्याचं प्रमाण बायपॅपवर ०.९ आणि साध्या मास्कवर १.४ टक्के होतं. वाढलेलं तर नाहीच.

आयसीयू सिस्टर
मला दोघांशी भांडायचंय. मास्क कोणताही असो, तो बसत नसेल तर काय उपयोग? आजोबांची कवळी आधीच काढून ठेवतात, मग गाल आत जातात आणि बाजूने सगळी हवा निसटते. कवळी घट्ट असेल तर राहू द्या, लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं उपकरण) घालायच्या क्षणी काढा. बीपी चालत असेल तर पलंग डोक्याकडून उचला. आडव्या पेशंटचं पोट फुफ्फुसांवर दाबतं, साठा आणखी कमी होतो. याला पैसे लागत नाहीत, तरी सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

मेडिसिनवाला, सुदामा नगर
ताई, अगदी बरोबर. पण सर, सगळी चर्चा ऑक्सिजनवरच चाललीय. २०२१ च्या ‘इंट्यूब’ अभ्यासात २९ देशांतले जवळपास तीन हजार रुग्ण होते. नळी टाकताना ऑक्सिजन फार खाली गेला ९.३ टक्के जणांचा, रक्ताभिसरण ढासळलं ४२.६ टक्के जणांचं. सेप्सिसच्या (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या) पेशंटला बायपॅपच्या दाबाने बीपी आणखी उतरू शकतं. माझ्या लेखी नॉरॲड, म्हणजे बीपी वाढवणारं औषध, आधी.

रामबागचा भूलतज्ज्ञ
नॉरॲड तयार ठेवा, गरज असेल तर आधी सुरूही करा. त्यासाठी बायपॅप सोडायची गरज नाही, दाब कमी ठेवता येतो. आणि वेगळं मशीन आणायचंय कुठे? नळी टाकल्यावर जो व्हेंटिलेटर लावणार, त्यात मास्कचा मोड असेल तर तोच आधी मास्कवर सुरू करायचा. नळी बसली की सर्किट तिला जोडायचं.